तासाला एक चूक

शाळेत बाईंना नावानं कुणी ओळखत नसे. हजेरीपटावर आणि पगारपत्रकावर नाव होतं तेवढंच. मुलं त्यांना चूकबाई म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ फिरली की लगेच. आणि गणित शिकवणाऱ्या माणसाची पाठ निम्मा तास फिरलेलीच असते, त्यामुळे ते बाईंच्या कानांवर रोज यायचं. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट आतून जरा बरंच वाटायचं. इतर शिक्षकांना पडलेली नावं ऐकली तर चूकबाई ही पदवीच म्हणायची. इतिहासाच्या सरांना मुलं झोपेची गोळी म्हणत, आणि मुख्याध्यापकांना जे म्हणत ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

नाव पडलं ते बाईंच्या एका खोडीमुळे. फळ्यावर लिहिलं म्हणजे ते खरंच, असं मानणारं पोर गणित शिकत नाही, ते नुसतं उतरवायला शिकतं, असं बाईंचं ठाम मत होतं. म्हणून नोकरीला लागल्यापासून त्या प्रत्येक तासाला फळ्यावर एक चूक करत. मुद्दाम, ठरवून, आणि चेहऱ्यावरची रेषही हलू न देता. कधी हातचा विसरायच्या, कधी चिन्ह उलटं टाकायच्या, कधी शून्यानं भागून असं काही उत्तर काढायच्या की स्वतःलाच हसू दाबावं लागे. ज्याला चूक दिसेल त्यानं हात वर करायचा, फळ्यापाशी यायचं आणि लाल खडूनं ती दुरुस्त करायची. तो लाल खडू मग त्याचाच. चूक तासाला एकच. ती सापडली की उरलेल्या फळ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हा बाईंचा शब्द होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता.

त्या खडूची किंमत ती काय. पण रस्त्यात एखादी नर्स, एखादा चष्म्याचा दुकानदार, टक्कल पडलेला एखादा बाप्या बाईंना गाठून सांगायचा, "बाई, माझ्याकडे तुमचा लाल खडू आहे अजून." असं कुणी म्हटलं की बाईंचा पुढचा आठवडा बरा जायचा.

आणि मग त्या वर्षी, शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना, दहावीच्या वर्गात एका मुलीचा हात वर आला. ही मुलगी पहिल्या बाकावर बसायची. कशावरही उलटतपासणी घ्यायची सवय, म्हणून वर्गानं तिचं नाव वकील ठेवलं होतं.

"बाई, चूक. सात आठे छप्पन. तुम्ही चोपन्न लिहिलंय."

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. चोपन्नच होतं. त्या दिवशीची ठरवलेली चूक अजून यायची होती, ती खाली भागाकारात होती. ही चूक त्यांची नव्हती. म्हणजे त्यांच्याच हातानं झालेली होती, पण त्यांनी केलेली नव्हती.

"शाब्बास," बाई म्हणाल्या आणि लाल खडू पुढे केला. "मला वाटलं कुणाला दिसतच नाही."

भागाकारातली चूक त्यांनी त्या दिवशी गाळून टाकली. तास निभावला. पण शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसल्यावर त्यांनी मनातल्या मनात स्वतःला विचारलं, सात आठे? आणि उत्तर आलं नाही. मग त्यांनी सात एके सातपासून सुरुवात केली. सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस, असं म्हणत गेल्यावर छप्पन आपोआप तोंडात आलं. तोंडाला पाठ होतं. डोक्यातून गेलं होतं.  बाई घाबरल्या.

घाबरण्याचं कारण त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आई आधी किराण्याचे हिशेब विसरली, मग गॅसवरचं भांडं, मग नातवंडांची नावं, आणि शेवटी समोर बसलेल्या लेकीला, "तुम्ही कुणाच्या कोण?" असं अदबीनं विचारायला लागली. शेवटची दोन वर्षं आई बाईंकडेच होती. रोज झोपायच्या आधी म्हणायची, "दाराला कडी मी लावली हं." कडी उघडीच असायची. वाद घालण्यात अर्थ नाही हे बाईंना एव्हाना कळलं होतं. त्या म्हणायच्या, "हो आई," आणि मागून हळूच जाऊन कडी लावायच्या. एकदा मात्र कडी खरंच लावलेली निघाली. बाई दारापाशी हात लावून उभ्या राहिल्या. त्यांचा 'हो आई' त्याही दिवशी त्याच सुरातला होता, तो ऐकून आईला काय वाटलं असेल, हे तेव्हा त्यांच्या मनात आलं नाही. आता यायला लागलं.

बाईंचे यजमान निवृत्त बसड्रायव्हर. बोलायला कमी, पण बोलले की समोरच्याचा हॉर्न बंद. चहात साखर दोनदा पडायला लागली तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "डॉक्टरकडे जायचं का?" बाई दोन दिवस नाही म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाल्या.

आता हे सांगायला हसू येतं आणि वाईटही वाटतं. डॉक्टर काय विचारणार हे बाईंना ठाऊक होतं, कारण आईला विचारलं तेव्हा त्या शेजारीच बसल्या होत्या. शंभरातून सात वजा करा, आणखी सात वजा करा, करत राहा. तीन वस्तूंची नावं सांगतो, थोड्या वेळानं परत विचारीन. थोडक्यात, पेपर फुटलेला होता. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडणाऱ्या बाईंनी मग तेच केलं जे पोरं करतात. दोन दिवस स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना त्या पुटपुटत राहिल्या, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. दवाखान्यात त्यांनी ते घडाघडा म्हणून दाखवलं. तीन वस्तूंची नावं आली तेव्हा त्यांनी एकेका नावाला एकेक बोट दिलं आणि विचारेपर्यंत ती बोटं तळहातात दाबून धरली.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "गणिताच्या शिक्षिका ना तुम्ही? दिसतंच आहे. ताण आहे थोडा. विश्रांती घ्या."

बाहेर आल्यावर यजमान म्हणाले, "पास झालीस."

"झाले."

"पाठ केलं होतंस ना? काल बाथरूममधून ऐकू येत होतं."

बाईंनी डॉक्टरांचा कागद घडी करून पिशवीत टाकला. 

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बाईंना फार काही नको होतं. ही दहावी पार पाडायची, पुढची पार पाडायची आणि हातात खडू असताना घरी जायचं. मधेच कुणी येऊन, बाई, तुम्ही जरा कार्यालयात बसा, असं म्हणायला नको.  चूकबाई नसू तर आपण कोण, हे त्यांनी कधी शोधलंच नव्हतं.

आणि खरं म्हणजे त्यांच्या खोडीनंच त्यांना झाकून घेतलं होतं. दुसऱ्या कुठल्या शिक्षिकेनं सात आठे चोपन्न लिहिलं असतं तर आठवडाभर शाळेत चर्चा झाली असती. बाईंनी लिहिलं तर टाळ्या पडल्या. चूक झाली की पोरं हात वर करत, बाई शाब्बास म्हणत, लाल खडू जाई. आयत्या बिळात नागोबा शिरावा तसा तो आजार त्या खेळात शिरून बसला होता, आणि बाईंनी त्याला बसू दिलं.

पण आजार काही तासाला एक या नियमानं चालत नाही. पावसाळा संपता संपता एका तासाला दोन चुका सापडल्या. दुसरीसाठी हात वर आला तेव्हा वर्गात जरा गोंधळ झाला. पहिली सापडलेली होती, लाल खडू दिलेला होता, उरलेल्या फळ्यावर विश्वास ठेवायचा होता.

"आजपासून नियम बदलला," बाई म्हणाल्या. "किती चुका आहेत ते आता सांगणार नाही. मोठे झालात तुम्ही."

पोरं खूश झाली. पोरांना काय, जितके खडू तितकी मजा. वकील तेवढी हसली नाही. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली.

"बाई, मग कुठल्या ओळीवर विश्वास ठेवायचा ते कसं कळणार?"

"स्वतः करून बघायचं. तेच तर शिकायचंय."

"पण ज्यांना स्वतः करता येत नाही त्यांनी?"

"तू तुझं बघ," बाई जरा जोरात म्हणाल्या. वकील गेली. जाताना तिनं एकदा मागे वळून फळ्याकडे पाहिलं आणि एकदा बाईंकडे. पोरीच्या डोळ्यांत काय होतं ते बाईंना दिसलं होतं, पण त्यांनी टेबलावरची धूळ पुसायला घेतली.

ज्यांना स्वतः करता येत नाही अशांमध्ये पहिला नंबर छापखान्याचा. ही मागच्या बाकावरची मुलगी. तिची आई शाळेच्या मागच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान चालवायची. पोर स्वभावानं गरीब, अक्षर मोत्यासारखं, पण फळ्यावर जे असेल ते जसंच्या तसं वहीत उतरायचं. फळ्यावर माशी बसली तर ही माशीही काढेल, असं पोरं म्हणत. लाल खडू तिला आजवर एकदाही मिळाला नव्हता. बाई तिला म्हणायच्या, "एक दिवस तुला चूक दिसेल बघ. दिसली ना, की त्या दिवशी मी निवृत्त व्हायला मोकळी." हा दोघींमधला जुना विनोद होता.

सहामाहीच्या आधी बाईंनी शंकूचं घनफळ शिकवलं. हा धडा म्हणजे त्यांचा हातखंडा. पुठ्ठ्याचा एक शंकू आणि तेवढ्याच तोंडाचा, तेवढ्याच उंचीचा एक डबा त्यांच्या कपाटात वर्षानुवर्षं होता. शंकूत वाळू भरून डब्यात ओतायची. तीन शंकू ओतले की डबा भरतो. म्हणून शंकूचं घनफळ डब्याच्या एक तृतीयांश. एकदा पाहिलं की पोरं जन्मात विसरत नसत. त्या वर्षीही बाईंनी वाळू ओतली, पोरांनी मोजलं. मग बाई फळ्याकडे वळल्या आणि सूत्र लिहिलं, आणि त्यातला एक तृतीयांश लिहिलाच नाही. घंटा झाली. कुणी हात वर करण्याआधी वर्ग रिकामा झाला, आणि पुढच्या तासाला बाईंना ते आठवण्याचा प्रश्नच नव्हता. हुशार पोरांनी आपापलं दुरुस्त करून घेतलं. बाकीच्यांनी परीक्षेत तेच लिहिलं.

पेपर वाटले त्या दिवशी दुपारी इस्त्रीवाली शाळेच्या व्हरांड्यात उभी होती. दुकान तसंच टाकून आली होती, कपाळावरचा घामही पुसलेला नव्हता. शेजारी छापखाना मान खाली घालून.

"बाई, माझी पोर ढ आहे, मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण ही म्हणते, हे फळ्यावरूनच घेतलं होतं. वहीतही तेच आहे. मला काही वाचता येत नाही यातलं, तुम्हीच सांगा. फळ्यावरचं लिहिलं तर मार्क कसे गेले?"

त्या क्षणी खरं बोलता आलं असतं. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. माझी चूक झाली, एवढं वाक्य. त्यात कंस नाही, वर्गमूळ नाही. बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना आपलाच आवाज ऐकू आला.

"मी मुद्दाम चुका करते वर्गात. सगळ्यांना माहीत आहे. मुलांनी त्या धरायच्या असतात. हिनं लक्ष दिलं नाही."

इस्त्रीवालीनं पोरीकडे पाहिलं. "ऐकलंस? बाई तुमच्या भल्यासाठी एवढं करतात, आणि तू नुसती खरडत बसतेस?" तिनं पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला, फार जोरात नाही. "माफ करा हं बाई. उगाच तुमच्यावर आले."

छापखाना रडली नाही. "चुकलं बाई," एवढंच म्हणाली.

त्या रात्रीचं जेवण बाईंना गेलं नाही. यजमानांनी विचारल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं, चोपन्नापासून धपाट्यापर्यंत. सांगताना त्यांना स्वतःची किळस आली. यजमान ताट सरकवून ऐकत राहिले.

"ब्रेक नीट लागत नाहीत असं वाटलं, की मी गाडी कडेला घ्यायचो," ते म्हणाले. "भरलेली गाडी उतारावर नेऊन तपासत नव्हतो."

"मी काय गाडी आहे?"

"तू नाहीस. मी भरलेली गाडी म्हणतोय."

बाईंना राग आला, आणि राग आला म्हणजे समोरचा खरं बोलतोय हे त्यांना कळत होतं. पण कळून काही वळत नव्हतं.

आणि वळायची वेळही कुणी दिली नाही. पेपर तपासले होते विज्ञानाच्या मॅडमनी; सहामाहीला शिक्षक एकमेकांचे पेपर तपासत. इतक्या पोरांचा एक तृतीयांश एकदम कुठे गेला, हा प्रश्न त्यांनी बाईंना न विचारता मुख्याध्यापकांना विचारला. मुख्याध्यापक मूळचे भाषेचे शिक्षक. गणिताशी त्यांचं जन्माचं वाकडं, पण माणूस भला आणि भित्रा. त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, बराच वेळ हवापाण्यावर बोलले.

"तक्रार नाही हो बाई. तुमच्याबद्दल कोण तक्रार करणार? फक्त एकदा तासाला येऊन बसावं म्हणतो. पद्धत बघायला. आणि तुम्हालाच झेपत नसेल तर तसं सांगा. ग्रंथालयात जागा रिकामी आहे. पंखा आहे, शांतता आहे."

"या ना तासाला," बाई म्हणाल्या. "सोमवारी या."

घरी येऊन त्यांनी यजमानांशी सौदा केला. सोमवारचा तास निर्वेध पार पडला तर या पोरांची दहावी होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. नाही पडला, तर मुकाट्यानं ग्रंथालय. यजमानांनी नाइलाजानं मान हलवली, आणि मग दोन दिवस तेच विद्यार्थी झाले. बाई कपाटाच्या दारावर बोटानं लिहून शिकवायच्या आणि ते पलंगावर बसून भाजी निवडत ऐकायचे. त्यांना गणित ओ की ठो कळत नव्हतं. पण काल काय म्हणालीस आणि आज काय म्हणतेस, एवढं बरोबर कळत होतं.

"थांब. काल इथे अधिक होतं."

"हो, अधिकच."

"पुढे?"

पुढे ती चूक होती. चूक हवीच होती. मुख्याध्यापकांना पद्धत बघायची होती ना, मग त्यांच्यासमोर हात वर गेला पाहिजे, पोर फळ्यापाशी आलं पाहिजे, लाल खडू त्याच्या हातात गेला पाहिजे. बाईंनी सगळ्यात सोपी, सगळ्यात जुनी चूक निवडली. कंसाबाहेर वजा, कंसात क्ष वजा तीन. कंस सोडवताना दोन्ही चिन्हं बदलायची असतात. बाई पहिलं बदलणार आणि तीन तसाच वजा ठेवणार. नववीतली पोरंसुद्धा झोपेत धरतील अशी चूक.

"इथे वजा तीन," यजमान म्हणायचे. "बरोबर ना? चुकीचं तेच बरोबर?"

"चुकीचं तेच बरोबर," बाई म्हणायच्या, आणि दोघं हसायचे. त्या दोन दिवसांत ते जितके हसले तितके वर्षभरात हसले नव्हते.

सोमवारी मुख्याध्यापक मागच्या बाकावर, छापखान्याच्या शेजारी, गुडघे आखडून बसले. वर्ग चिडीचूप होता. इतका चिडीचूप बाईंनी हा वर्ग कधी पाहिला नव्हता, पण साहेब बसलेत म्हणून असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी शिकवायला सुरुवात केली आणि काय सांगावं, जुन्या दिवसांसारखं जमून आलं. एक शब्द अडला नाही. एक उदाहरण झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात कंस आला. बाईंनी नेहमीच्या सवयीनं हात जरा सावकाश केला आणि लिहिलं, वजा क्ष वजा तीन. मग त्या बाजूला सरकल्या, सगळ्यांना दिसावं म्हणून.

कुणी हात वर केला नाही.

बाई थांबल्या. पदरानं उगाच बोटं पुसली. "दिसतंय ना सगळ्यांना?" त्यांनी विचारलं. वर्गातल्या माना वहीत होत्या. वकील तर इतकी वाकून लिहीत होती की तिची वेणी बाकावर टेकली होती. बाईंनी खडूनं त्या ओळीखाली दोनदा टकटक केलं. इतकी सूट त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती.

आणि तेव्हा मागच्या बाकावरून एक हात निघाला. छापखान्याचा. फळ्याकडे पाहत तिचे डोळे मोठे झाले होते, ओठ हलत होते, हात खांद्यापर्यंत आला होता. जन्मात पहिल्यांदा त्या पोरीला चूक दिसली होती. वकील मागे वळली. तिनं मान हलवली, अगदी जराशी, नाही. आजूबाजूच्या दोघातिघांनीही तशीच हलवली. छापखान्याचा हात तिथेच थांबला, मग मानेकडे गेला आणि मान खाजवायला लागला.

बाईंना सगळं कळलं. पोरांनी आपसात ठरवलं होतं. साहेबांच्या समोर बाईंची चूक काढायची नाही.

"मागे," बाई म्हणाल्या.  "तुझा हात वर होता ना? बोल."

छापखाना उभी राहिली. तिनं वकीलकडे पाहिलं, मुख्याध्यापकांकडे पाहिलं. "नाही बाई," ती म्हणाली. "काही नाही. सगळं बरोबर आहे."

एक क्षण बाईंना स्वतःचाच भरवसा वाटेना. ही चूक आपण केली की झाली? मग पलंगावर भाजी निवडणारा माणूस आठवला, चुकीचं तेच बरोबर, आणि शंका राहिली नाही. पण ती मुद्दाम केली हे फळ्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. पुढच्या ओळी त्यांनी तशाच उतरवल्या आणि एक चुकीचं उत्तर काढून त्याला चौकट केली. सगळ्या वर्गानं ते वहीत घेतलं.

मुख्याध्यापक गुडघे चोळत उठले. चेहऱ्यावरून त्यांची काळजी मिटलेली दिसत होती. "वा बाई. मुलं किती एकाग्र आहेत. आणि एकही चूक नाही. उगाच लोक काहीबाही बोलतात. दहावी तुमच्याकडेच राहील." ते गेले.

दार लागलं. वर्गानं सुटकेचा श्वास सोडला, दोनचार जण हसलेही. वकील उठली, फळ्यापाशी आली, बोटानं वजा पुसला आणि पांढऱ्या खडूनं तिथे अधिक केला. खालच्या ओळी भराभर नीट केल्या. तिचं काम नेहमीसारखंच चोख होतं.

"बाई, काळजी करू नका," ती हळूच म्हणाली. "आम्ही कुणाला सांगणार नाही. सगळ्यांनी ठरवलंय. रोज तास संपला की मी आणि अजून दोघं फळा तपासून बाकीच्यांना सांगतो. पुन्हा कुणाचे मार्क जाणार नाहीत."

"अगं, ती मुद्दाम होती," बाई म्हणाल्या. "आजची. खरंच मुद्दाम केली होती मी."

वकीलनं त्यांच्याकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरून आले होते.

"हो बाई," ती म्हणाली.

तो सूर बाईंच्या ओळखीचा होता. आई दाराच्या कडीबद्दल बोलली की त्यांनी तो दोन वर्षं रोज लावला होता. त्यात खोटं काही नसतं, माया असते, आणि त्यापुढे बोलायला काही उरत नाही.

बाई मागच्या बाकापर्यंत गेल्या आणि त्यांनी लाल खडू छापखान्यापुढे धरला. "तुला दिसली होती. हा तुझा आहे."

छापखान्यानं खडूकडे पाहिलं. तिला तो किती हवा होता ते सगळ्या वर्गाला माहीत होतं.

"राहू दे बाई," ती म्हणाली, आणि बाईंना वाईट वाटू नये म्हणून हसली.

घंटा झाली. पोरं दप्तरं उचलून निघाली, जाताना प्रत्येकानं नेहमीपेक्षा जरा हळू आवाजात, येतो बाई, म्हटलं. पुढचा तास नववीचा होता. बाईंनी खडू खोक्यात ठेवला आणि फळा पुसायला घेतला.